डार्क मोड लावला, तरी एक खिडकी पांढरीच का?

सेटिंगमध्ये जाऊन डार्क मोड चालू केला की पहिली दोन मिनिटं सगळं झकास वाटतं. टास्कबार काळा, फाइलींची खिडकी काळी, ब्राउझर काळा. मग एखादं जुनं सॉफ्टवेअर उघडावं लागतं आणि समोर भगभगीत पांढरी खिडकी येते. कधी त्याहून विचित्र प्रकार: आतला भाग काळा, वरची पट्टी पांढरी आणि मधल्या एका चौकटीत काळ्यावर काळी अक्षरं. माउसने मजकूर निवडला तरच तिथे काही लिहिलंय हे कळतं.

अशा वेळी आपण 'सॉफ्टवेअर भंगार आहे' म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण नेमकं काय बिघडलंय हे कळायचं, तर थीम बदलताना पडद्यामागे काय चालतं ते पाहावं लागतं. त्यात एकच प्रश्न वारंवार येतो: रंग ठरवायचा कोणी?

खिडकी रंगवतं कोण

स्क्रीनवरचं बटण ही तयार वस्तू नसते. कुणीतरी ते दर वेळी ठिपक्या-ठिपक्याने रंगवत असतं. हे काम तिघांपैकी कोणीही करू शकतं. पहिली ऑपरेटिंग सिस्टिम. दुसरी टूलकिट, म्हणजे बटणं, मेनू, याद्या असे तयार भाग पुरवणारी लायब्ररी; क्यूटी, जीटीके, जावाचं स्विंग, मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूपीएफ ही त्यातली ठळक नावं. आणि तिसरा खुद्द तो प्रोग्रॅम, जो 'मला कुणाची बटणं नकोत' म्हणून सगळं स्वतःच रंगवतो. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर असंच आहे.

एकाच खिडकीत हे तिघंही एकत्र नांदू शकतात. वरची पट्टी बहुतेक वेळा सिस्टिम रंगवते आणि आतला भाग प्रोग्रॅम. विंडोजवर आतून काळं केलेल्या प्रोग्रॅमला 'माझी वरची पट्टीही काळी कर' असं सिस्टिमला वेगळं सांगावं लागतं. ते सांगायचं राहिलं, की काळ्या खिडकीवर पांढरी टोपी दिसते. शंभरातले नव्व्याण्णव भाग बरोबर असूनही नजर जाते ती त्या टोपीवरच.

हा 'कोण रंगवतं' प्रश्न पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांना फार लवकर भेटतो. पायथॉनसोबत येणाऱ्या टीकेइंटर या टूलकिटचा टीटीके नावाचा एक भाग आहे. विंडोजवर त्याची नेहमीची थीम असते 'व्हिस्टा'. शिकणारा उत्साहाने बटणाची पार्श्वभूमी हिरवी करायला सांगतो, प्रोग्रॅम चालवतो, कसली चूकही दाखवली जात नाही आणि बटण राखाडी ते राखाडीच. आज्ञा पोचलेली असते, पण त्या थीममध्ये बटणाची पार्श्वभूमी विंडोज स्वतः रंगवतं आणि त्याला टीकेइंटरच्या हिरव्याशी काही देणंघेणं नसतं. आता एका ओळीत थीम बदलून 'क्लॅम' केली, की तीच आज्ञा लागू होते आणि बटण हिरवं होतं, कारण क्लॅममध्ये बटण टूलकिट स्वतः रंगवतं. एवढा एक प्रयोग करून पाहिला, तरी पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

रंगाला नाव कामाचं हवं

समजा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने जागोजागी 'इथे पांढरा', 'इथे काळा', 'इथे फिका राखाडी' असं लिहून ठेवलंय. आता डार्क थीम बनवायची, तर प्रत्येक पांढऱ्यापाशी थांबून विचारावं लागेल की बाबा रे, तू कोणता पांढरा? कागदाचा, बटणावरच्या अक्षरांचा, की निवडलेल्या ओळीवरच्या मजकुराचा? पहिला काळा व्हायला हवा, उरलेले दोघं कदाचित पांढरेच राहतील. हजारो ओळींमध्ये हा शोध घेणं म्हणजे महिन्यांची हमाली.

म्हणून शहाणे डेव्हलपर रंगाला त्याच्या कामावरून नाव देतात: खिडकीची पार्श्वभूमी, खिडकीतला मजकूर, बटणाचा पृष्ठभाग, निवडलेला भाग, निवडलेल्या भागातला मजकूर. नाटकाच्या संहितेत पात्रांची नावं असतात, नटांची नसतात, तसाच हा प्रकार. संहिता तीच राहते आणि नटसंच बदलतो. थीम म्हणजे हा नटसंच: कोणत्या कामाला कोणता रंग, याची एक यादी.

कल्पना जुनीच आहे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्येही रंगांच्या तयार योजना होत्या आणि वापरणाऱ्याला खिडकीच्या एकेका भागाचा रंग बदलता यायचा. त्यातली 'हॉट डॉग स्टँड' नावाची लाल-पिवळी योजना तिच्या भडकपणामुळे आजही आठवली जाते. ती कुणी मनापासून वापरत असेल असं वाटत नाही. पण असली योजना लावूनही प्रोग्रॅम चालत होते, ते सिस्टिमकडे कामावरून रंग मागत होते म्हणून.

आज क्यूटीमध्ये या यादीला 'पॅलेट' म्हणतात. मॅकवर 'लेबलचा रंग', 'खिडकीच्या पार्श्वभूमीचा रंग' अशी नावं सिस्टिमच पुरवते. हल्ली डिझाइनवाले याला 'डिझाइन टोकन' म्हणतात. नाव नवं, मुद्दा तोच.

आता ती काळ्यावर काळी अक्षरं. ती येतात कुठून? जवळजवळ नेहमी अर्धवट कामातून. डेव्हलपरने मजकुराचा रंग स्वतःच्या हाताने काळा ठरवला आणि पार्श्वभूमी मात्र सिस्टिमवर सोडली. त्याच्या स्वतःच्या मशिनवर पार्श्वभूमी पांढरी होती, त्यामुळे सगळं ठीक दिसलं. तुमच्या मशिनवर सिस्टिमने पार्श्वभूमी गडद दिली आणि मजकूर हट्टाने काळाच राहिला. दोन्ही रंग स्वतः ठरवले असते, तर खिडकी पांढरी राहिली असती, कुरूप दिसली असती, पण वाचता आली असती. दोन्ही सिस्टिमवर सोडले असते, तर नीट गडद झाली असती. एक आपला आणि एक उसना, ही जोडी मात्र हमखास घात करते. माउस टेकवल्यावर उघडणाऱ्या छोट्या सूचनांच्या चौकटी, याद्यांची शीर्षकं, आणि वापरता न येणारी फिकी बटणं हे या रोगाचे ठरलेले अड्डे. कुठलीही नवी थीम तपासताना मी आधी तिथेच बघतो.

हाच प्रकार आपण स्वतःही करतो, तोही वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये. अक्षरांच्या रंगात 'ऑटोमॅटिक' असा पर्याय असतो. बहुतेक जण त्याला काळ्याचंच दुसरं नाव समजतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'पार्श्वभूमी बघ आणि काय ते ठरव' असा आहे. वेबवरून मजकूर चिकटवला की त्याच्यासोबत पक्का काळा रंगही येतो. लिबरऑफिसमध्ये कागदाचा रंग गडद केला, की ऑटोमॅटिक अक्षरं पांढरी होतात आणि चिकटवलेला परिच्छेद अंधारात गडप होतो. चिकटवताना फक्त मजकूर घेतला, मांडणी सोडून दिली, की ही कटकट राहत नाही.

जाता जाता एक शंका. 'डार्क मोडमध्ये टाइप केलं तर प्रिंट काळं येईल का?' नाही येत. थीम फक्त स्क्रीनवरच्या दिसण्याला हात लावते, तुमच्या फाइलीला नाही. वर्डमध्ये काळ्या थीममधला कागद डोळ्यांना गडद दिसला, तरी फाइलीतला कागद पांढराच असतो. व्ह्यू टॅबमधल्या 'स्विच मोड्स'ने थीम न बदलता नुसता कागद पांढरा करून बघता येतो.

चित्रांचे दिवस

एक काळ असा होता की थीम म्हणजे रंगांची यादी नव्हे, चित्रांची थैली असायची. १९९७ साली आलेला विनअँप हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम त्यासाठी गाजला. त्याची मुख्य खिडकी २७५ बाय ११६ ठिपक्यांची. तिचं स्किन म्हणजे काही बिटमॅप चित्रं, एका झिप फाइलीत भरलेली आणि त्या फाइलीचं फक्त आडनाव, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, बदललेलं. उघडा, चित्रं साध्या पेंट प्रोग्रॅममध्ये रंगवा, पुन्हा झिप करा, झालं स्किन तयार. प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या मुलांनी लाकडी, लोखंडी, परग्रहावरची वाटावीत अशी शेकडो स्किन बनवली. इतकी सोपी वाट नंतर फारशी कुणी ठेवली नाही, आणि मला त्याची हळहळ वाटते.

२००१ च्या विंडोज एक्सपीने तोच मार्ग धरला. त्याची 'लुना' थीम निळी, ऑलिव्ह हिरवी आणि चंदेरी अशा तीन रंगांत होती आणि आत बटणांची, पट्ट्यांची चित्रं भरलेली होती. पण मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असलेलीच थीम चालेल, अशी अट होती. हौशी लोकांनी ती सही तपासणारी सिस्टिम फाइलच बदलून टाकली आणि हव्या त्या थीम लावल्या. पुढचं अपडेट ती फाइल पूर्ववत करायचं, मग पुन्हा पहिल्यापासून.

चित्रांची पद्धत मागे पडली ती स्क्रीनमुळे. चित्राचे ठिपके मोजून ठरलेले असतात. बटण लांबवायचं, तर कोपरे तसेच ठेवून मधला भाग ताणायचा, ही युक्ती चालते. पण बारीक ठिपक्यांच्या नव्या स्क्रीनवर सगळंच दीडपट किंवा दुप्पट करावं लागतं. तिथे चित्रं पुसट होतात, नाहीतर खडबडीत दिसतात. म्हणून आता बहुतेक थीम 'कोपरा इतका गोल, कड इतकी जाड, रंग अमुक' असं शब्दांत सांगतात आणि टूलकिट त्यावरून हव्या त्या मापात रेखाटतं. २०११ च्या जीटीके ३ ने यासाठी सरळ वेबसाइटचं रूप ठरवणारी सीएसएस पद्धत घेतली. क्यूटीतही तिच्यासारखीच स्टाइलशीट लिहिता येते. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर तर आतून ब्राउझरच आहे.

चालू गाडीचं चाक

बऱ्याच प्रोग्रॅममध्ये थीम निवडली की 'बदल दिसण्यासाठी प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा' असा निरोप येतो. हा आळस आहे की अडचण? दोन्ही थोडंथोडं.

प्रोग्रॅम सुरू होताना रंगांची यादी वाचली, बटणं त्या रंगांनी बनवली, हे सोपं. पण आधीच उघडलेल्या खिडकीतल्या प्रत्येक बटणाने, चिन्हाने आणि सरकपट्टीने जुना रंग आपल्याजवळ लिहून ठेवला असेल, तर यादी बदलून काय उपयोग? प्रत्येकाला गाठून सांगावं लागतं. डब्ल्यूपीएफमध्ये हा फरक एका शब्दाचा आहे. रंग 'स्टॅटिक रिसोर्स' म्हणून मागितला तर एकदाच वाचला जातो आणि मग विषय संपला. 'डायनॅमिक रिसोर्स' म्हणून मागितला, तर यादी बदलली की रंगही बदलतो. डेव्हलपरने शंभर ठिकाणी दुसरा आणि तीन ठिकाणी पहिला प्रकार वापरला, तर थीम बदलल्यावर नेमक्या त्या तीन जागा जुन्या रंगात राहतात.

जावाच्या स्विंगमध्ये प्रत्येक उघड्या खिडकीला 'तुझं झाड पुन्हा सजव' अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. झाड म्हणजे खिडकी, तिच्यातले कप्पे, त्यांतली बटणं अशी उतरंड. गंमत अशी, की फाइल निवडायची चौकट पुष्कळदा आधी बनवून बाजूला ठेवलेली असते. ती त्या क्षणी कुठल्याच झाडाला टांगलेली नसते, त्यामुळे आज्ञा तिच्यापर्यंत पोचत नाही. सगळा प्रोग्रॅम नव्या रूपात दिसतो आणि 'फाइल उघडा' म्हटलं की जुनाच अवतार बाहेर येतो. असं काही दिसलं तर प्रोग्रॅम एकदा बंद करून उघडा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

गडद म्हणजे उलटं नव्हे

डार्क थीम बनवायची सर्वांत झटपट रीत म्हणजे सगळे रंग उलटे करायचे. ती करून बघितली की ती का टाकाऊ आहे ते लगेच कळतं. फोटो निगेटिव्हसारखे दिसतात, लाल धोक्याची सूचना निळसर होते आणि सावल्या उजळतात.

खरी अडचण उजेडाच्या हिशोबात आहे. आपल्या डोळ्याला सगळे रंग सारखे उजळ वाटत नाहीत. वेबच्या वाचनीयतेच्या नियमांत, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, उजळपणा मोजताना हिरव्याला सुमारे ७१.५ टक्के, लालला २१ टक्के आणि निळ्याला फक्त ७ टक्के वजन दिलेलं आहे. या मापाने काळ्या-पांढऱ्याचं गुणोत्तर येतं २१ ला १, आणि साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ हवं असतं. आता शुद्ध निळी लिंक घ्या. पांढऱ्यावर तिचं गुणोत्तर सुमारे ८.६ येतं, म्हणजे उत्तम. तीच लिंक काळ्यावर ठेवली की ते २.४ वर घसरतं, म्हणजे नापास. रंग तोच, अक्षरं तीच, तरी ती वाचताना डोळे बारीक करावे लागतात. म्हणून चांगल्या गडद थीममध्ये लिंक आकाशी किंवा फिक्या निळ्या असतात. नियम काटेकोर आहेत याचा आणखी एक नमुना: पांढऱ्यावर राखाडी अक्षरं लिहायची, तर २५५ पैकी ११८ ची राखाडी (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) जेमतेम पास होते आणि ११९ ची नापास. डोळ्याला दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही, पण हद्द कुठेतरी आखावी लागतेच. हे नियम मुळात वेबसाठीचे. तरी थीम बनवणाऱ्याने ही मोजणी एकदा करून बघावी. त्यासाठीची मोफत साधनं इंटरनेटवर भरपूर आहेत.

सावलीचंही असंच. पांढऱ्या कागदावर एक चौकट दुसरीच्या वर आहे हे सावलीने दाखवता येतं. काळ्यावर काळी सावली कोण बघणार? म्हणून गडद थीममध्ये वरचा थर किंचित उजळ करतात. गूगलच्या मटेरियल डिझाइनने तळाची पार्श्वभूमी शुद्ध काळी न घेता लाल, हिरवा, निळा हे तिन्ही १८ वर ठेवलेली गडद राखाडी सुचवली होती, म्हणजे वर उजळायला आणि सावलीलाही थोडी जागा उरते.

आणि चिन्हं. पांढऱ्या टूलबारसाठी काढलेली काळी कात्री गडद टूलबारवर नाहीशी होते. यावर उपाय म्हणजे एकरंगी चिन्हं, ज्यांचा फक्त आकार फाइलीत असतो आणि रंग थीम भरते. रंगीत चिन्हं हवीच असतील, तर गडद थीमसाठी दुसरा संच काढायचा. लिबरऑफिसमध्ये असे वेगळे चिन्हसंच येतात, म्हणून तिथे थीमसोबत चिन्हंही बदलून बघावीत.

गडद थीम डोळ्यांना बरी का? अंधाऱ्या खोलीत बरी, हे कुणालाही पटेल. पण भरपूर उजेडात लांबलचक मजकूर वाचताना पांढऱ्यावरची काळी अक्षरं बहुतेकांना अधिक रेखीव दिसतात, कारण उजेडाने बुबुळातली बाहुली लहान होते आणि प्रतिमा जास्त स्पष्ट पडते. दृष्टिवैषम्य असलेल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. उलट मोतीबिंदूसारख्या तक्रारीत पांढरा पडदाच डोळ्यांत खुपतो आणि गडद थीम सोयीची पडते. बॅटरीचं म्हणाल, तर ओलेड स्क्रीनवर काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, तिथे बचत होते. साध्या एलसीडीवर मागचा दिवा जळतच असतो, तिथे बचतीचं नाव नको. फोटो आणि छपाईचं काम करणाऱ्यांचं कारण तिसरंच. चित्राभोवती काय आहे यावर चित्र किती उजळ भासतं हे ठरतं, म्हणून त्यांना बिनरंगी राखाडी लागते. फोटोशॉपने २०१२ च्या सीएस६ पासून आणि गिंपने २०१८ च्या २.१० पासून गडद रूप मूळचंच करून टाकलं.

हक्काचं भांडण

थीम ठरवायची कोणी, वापरणाऱ्याने की बनवणाऱ्याने? लिनक्सच्या जगात यावर जोरदार वाद झाला. २०१९ मध्ये नोम (लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) आणि जीटीकेच्या काही अ‍ॅप-डेव्हलपरांनी जाहीर पत्र लिहिलं: कृपा करून आमच्या अ‍ॅपना थीम लावू नका. रोख मुख्यतः अशा लिनक्स वितरणांवर, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांवर होता, जी न विचारता सगळ्या अ‍ॅपवर आपली थीम चढवून लोकांच्या हाती देत होती. कुठे बटणं अदृश्य व्हायची, कुठे अक्षरं कापली जायची, आणि तक्रारी मात्र अ‍ॅप बनवणाऱ्याच्या दारात यायच्या. पुढे २०२१ च्या शेवटच्या दिवशी लिबअद्वैता ही लायब्ररी आली. ती वापरणारी अ‍ॅप बाहेरच्या थीम सहजासहजी मानत नाहीत. मार्च २०२२ च्या नोम ४२ मध्ये 'गडद हवं की नको' हा एक अधिकृत खटका आला आणि सप्टेंबर २०२४ च्या नोम ४७ मध्ये बटणं-खटक्यांसाठीचा ठळक रंग (अ‍ॅक्सेंट) निवडायची सोय.

लिनक्सवरच्याच केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा कल बरोबर उलटा. तिथे रंग, बटणांचा आकार, वरची पट्टी, चिन्हं, माउसचा बाण असं सगळं सुटंसुटं बदलता येतं. ज्याला आवड आहे त्याची चंगळ.

माझं मत असं, की उजळ-गडद, अक्षरांचा आकार आणि कॉन्ट्रास्ट या तीन गोष्टींवर वापरणाऱ्याचा पूर्ण हक्क आहे आणि त्या न मानणारं अ‍ॅप अर्धवट समजावं. बटणाला पितळी चकाकी हवी असेल तर ती लावा, पण त्यातून काही मोडलं तर अ‍ॅपवाल्याला शिव्या देऊ नयेत. आपल्या लिपीचा अनुभवही हेच सांगतो. बटणांची उंची रोमन अक्षरांच्या मापाने पक्की करणाऱ्या थीममध्ये देवनागरीच्या वरच्या मात्रा, रफार आणि खालचे उकार कापले जातात. थीम बनवणाऱ्याने ते कधी पाहिलेलंच नसतं. मराठी मेनू वापरत असाल, तर नवी थीम लावल्यावर आधी 'सर्व', 'पूर्ण', 'कृती' असे शब्द कसे दिसतात ते बघा.

प्रत्यक्ष बदलताना

आधी सिस्टिमची सेटिंग, मग प्रोग्रॅमची, हा क्रम ठेवा. विंडोजमध्ये पर्सनलायझेशनखाली रंगांच्या पानावर 'कस्टम' निवडलं, तर सिस्टिम आणि अ‍ॅप यांसाठी वेगवेगळं उजळ-गडद ठरवता येतं, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. प्रोग्रॅममध्ये 'सिस्टिमप्रमाणे' असा पर्याय असेल तर तोच घ्या. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये तो फाइल, मग अकाउंट, मग ऑफिस थीम असा सापडतो. लिबरऑफिसमध्ये टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये आणि गिंपमध्ये प्रेफरन्सेसमधल्या इंटरफेसखाली. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल दाबून के आणि मग टी, की थीमची यादी उघडते आणि बाणाने खाली-वर गेलं की प्रत्येक थीम लावून दाखवली जाते.

मॅकवर डार्क मोड २०१८ च्या मोहावेपासून आहे. तिथे एखादं जुनं अ‍ॅप पांढरंच राहिलं, तर ते मोहावेच्या आधीच्या साधनांनी बांधलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा अ‍ॅपला सिस्टिम मुद्दाम उजळ ठेवते, कारण जबरदस्तीने काळं केलं तर मघाच्या अर्धवट रंगांचा घोळ होईल. नवी आवृत्ती आली असेल तर ती घ्या. नसेल तर सेटिंगमध्ये तासभर शोधण्यात अर्थ नाही.

बाहेरून थीम उतरवताना एक गोष्ट जरूर तपासा: त्या फाइलीत फक्त रंग आणि चित्रं आहेत, की चालणारा कोडही आहे? नुसती रंगांची यादी निरुपद्रवी असते. पण अनेक ठिकाणी 'थीम' या नावाखाली कोडही येतो. मार्च २०२४ मध्ये केडीईसाठी कुणीतरी बनवलेली एक ग्लोबल थीम लावल्यावर वापरणाऱ्याच्या फाइली पुसल्या गेल्या. त्यामागे खोडसाळपणा नव्हता, थीमसोबतच्या कोडमधली ती चूक होती. त्यानंतर केडीईने लोकांना जाहीर सावध केलं. व्हीएस कोडच्या थीमही एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, म्हणूनच येतात. अनोळखी माणसाची थीम लावणं आणि अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम चालवणं यांत कधीकधी काहीच फरक नसतो.

आणि लावलेल्या थीममुळे काहीच दिसेनासं झालं, सेटिंगची खिडकीसुद्धा वाचता येईना, तर? फायरफॉक्समध्ये ट्रबलशूट मोड आणि लिबरऑफिसमध्ये सेफ मोड आहे, तिथून मूळ रूपात परतता येतं. विंडोजवर डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबले, की कॉन्ट्रास्ट थीम लागते. मोजके ठळक रंग सक्तीने वापरत असल्यामुळे तिच्यात बहुतेक मजकूर वर येतो. सेटिंग दुरुस्त करा आणि त्याच तीन कळा पुन्हा दाबून बाहेर या. यातलं काहीच उपलब्ध नसेल, तर प्रोग्रॅम बंद करून त्याची सेटिंगची फाइल शोधा आणि तिचं नाव बदला. पुसू नका, नुसतं नाव बदला. पुढच्या वेळी प्रोग्रॅमला जुनी फाइल सापडत नाही आणि बहुतेक प्रोग्रॅम मग मूळ थीमसह कोरी फाइल बनवतात. बाकीच्या जुन्या सेटिंग हव्या असतील तर नाव बदललेली फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा, थीमची ओळ तेवढी काढा आणि फाइलीला तिचं मूळ नाव परत द्या.